नळाचं बर्फ

लास लेंगासमध्ये त्या साली हिवाळा आला, पण बर्फ आणायला विसरला. पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाला हिवाळा जूनमध्ये लागतो; त्याच्या पहिल्या आठवड्यात वीतभर पडलं, तेवढंच. मग आभाळ जे मोकळं झालं ते दोन महिने मोकळंच राहिलं. थंडी मात्र अशी, की दाराची कडी हाताला चिकटावी. अख्खा डोंगर तपकिरी, आणि त्याच्या अंगावरून खाली उतरलेला एकच पांढरा पट्टा, यंत्रांनी मारलेल्या बर्फाचा. त्या पट्ट्यावर गावाचं पोट चालत होतं. शहरातली माणसं त्याच्यावर घसरायला यायची, खोल्या घ्यायची, तोर्ता, म्हणजे तेलात तळलेल्या गरम जाड पुऱ्या, हादडायची. आणि गाव काय करायचं? त्याच पट्ट्याला नावं ठेवायचं. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे म्हणतात ते याला.

पट्टा मारणारा होता एलियास, ओफेलियाचा एकुलता एक लेक. तळ्यातलं पाणी नळांनी वर चढवायचं, तोफेसारख्या तोंडाच्या यंत्रांतून हवेत उडवायचं, आणि खाली येता येता ते गोठलं की पसरायचं, हे त्याचं काम. थंडी जितकी कडक तितकं काम जास्त, म्हणून हा पोरगा जग झोपल्यावर डोंगरावर जायचा आणि उजाडताना पापण्यांवर बर्फाचे मणी घेऊन घरी यायचा. गाव त्याला म्हणायचं नळ्या. "काय नळ्या, आज पाणी किती वाजता सोडणार?" हा विनोद त्या हिवाळ्यात इतक्या वेळा झाला की शेवटी हसणाऱ्यांनाही कंटाळा आला.

हे नाव ठेवणारा गावातला कुणी रिकामटेकडा असता तर ओफेलियानं लाटण्यानं समाचार घेतला असता. पण ठेवलं होतं त्याच्या बापानं. रोमुलो म्हणजे तिचा नवरा, गुडघे गेलेला, जीभ शाबूत असलेला. तो पायथ्याला, बुटांना बांधून बर्फावरून उतरायच्या घसरपट्ट्या दुरुस्त करायचं दुकान चालवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सुविचार ऐकवायचा. "बर्फ आभाळातून पडतं. नळातून येतं ते पाणी."

याचा तोरा उगाच नव्हता. वीस-बावीस वर्षं रोमुलोनं मायला डोंगरावरून उतरवलं होतं. माय म्हणजे बर्फाची माय, मारिया मातेची हातभर उंचीची लाकडी मूर्ती, निळा झगा, कडेवर तळहाताएवढं लेकरू. हिवाळाभर ती डोंगरमाथ्यावरच्या दगडी देवळीत राहायची आणि पाच ऑगस्टला तिच्या सणाला खाली गावातल्या चर्चमध्ये यायची. येणार ती एका माणसाच्या पाठीवर, लाकडी पेटीत बसून, आणि येणार नरसाळ्यातून. नरसाळं म्हणजे माथ्याखालची ती खोल घळ, वर रुंद आणि खाली अरुंद. वाहणारा आधी एकटा उतरायचा आणि तो पोचल्याशिवाय मागच्या कुणी पाऊल टाकायचं नाही. मायनं आभाळाच्या बर्फावरूनच यायचं, अशी रीत. बर्फ नसेल तर? तर खडकांतून पायी आणायची, पण यंत्राच्या पट्ट्यावर तिची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, हे गावानं त्याच साली जुलैत चर्चच्या अंगणात हात वर करून ठरवलं होतं. हात सगळ्यात आधी कुणी वर केला ते सांगायला नको.

रोमुलोचे गुडघे गेले, आता पेटी एलियासची. हे त्याचं पहिलं वर्ष.

आणि मायला सजवायचं काम ओफेलियाचं. लग्न होऊन आली तेव्हापासून झगा धुणं, उसवलेलं शिवणं, चेहरा मऊ कापडानं पुसणं तिच्याकडे. देवळीची किल्ली तिच्या गळ्यात असायची. मायशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलायची, भावसुद्धा सांगायची कांद्याचे.

सण तीन दिवसांवर आला आणि बर्फ पडायला लागलं. असं पडलं की थांबायचं नाव नाही, वर वारा वेड्यासारखा. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तेव्हा डोंगर डोळ्यांना सोसवेना इतका पांढरा झाला होता आणि नरसाळं काठोकाठ भरलं होतं. लोक रस्त्यावर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होते. डोंगरावर जाणाऱ्या खुर्च्यांची लिफ्ट चालवणाऱ्या फेर्मिननं भर चौकात टोपी हवेत उडवली. "मायनं लाज राखली," जो तो म्हणत होता.

ओफेलिया खिडकीत उभी होती आणि नरसाळ्यावरून तिची नजर हटत नव्हती.

ती वरच्या खोऱ्यातली, शेळ्या राखणाऱ्यांच्या घरातली. ती लहान असताना असाच एक कंजूष हिवाळा आला होता. आधी थोडंसं पडलं, मग कोरडी थंडी, आणि मग एकदम ढीग. तिच्या बापानं उताराच्या कडेला गुडघ्यावर बसून तळाचं बर्फ मुठीत घेतलं आणि तिच्यासमोर बोटांतून गाळलं. ते साखरेसारखं सुटं गळलं, मूठ वळेना. बाप म्हणाला, "हे बघ पोरी. साखरेवर छप्पर टाकलंय. पाय दिला की घसरणार." तिचा मामा सिप्रियानो हसला आणि शेळ्या घेऊन गेला. मामा सापडला वसंतात. मामाची शिट्टी आधी सापडली होती, ती तिच्या आईनं मरेपर्यंत चुलीवरच्या फळीवर ठेवली.

आणि आता जुलैत, देवळी झाडायला गेली होती तेव्हा, ओफेलियानं नरसाळ्याच्या काठावरचं ते जूनचं शिळं बर्फ सहज मुठीत घेतलं होतं. साखर. त्याच्यावर आता माणूसभर उंचीचं छप्पर पडलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "पोराला पट्ट्यावरून येऊ दे."

रोमुलोनं मटणाचं हाड ताटात ठेवलं. "काय म्हणालीस?"

"माय पट्ट्यावरून येऊ दे या वर्षी. नरसाळ्याखाली साखर आहे. मी हातानं बघितलीय."

"साखर!" रोमुलो लेकाकडे वळला. "ऐकलंस का रे? आईला वाटतं मायनं चहात घालायला साखर पाठवलीय. अगं म्हातारे, दोन महिने गाव गुडघे टेकून बसलं होतं या बर्फासाठी. आता ते आलं तर मायला नळाच्या पाण्यावरून आणू? तोंड कुठं दाखवू मी?"

"तुझं तोंड गेलं खड्ड्यात. मला पोराचं पडलंय."

"फेर्मिननं लाल दोर बांधून नरसाळं बंद केलंय ना? येणाऱ्याजाणाऱ्याला तो दोर. मायला दोर नसतो. आजवर कधी मायच्या वाटेत काही झालंय?"

झालं नव्हतं, हे खरं होतं. बर्फाच्या मायला बर्फ काय करणार, असं गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. ओफेलियाही हेच सांगत आली होती. आता तेच वाक्य ऐकताना तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"एलियास, तू बोल की," ती म्हणाली.

एलियास भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मी नरसाळ्यातूनच आणीन."

"शाबास," बाप म्हणाला. "नळ्याचा माणूस झाला बघ."

रात्रभर ओफेलियाचा डोळा लागला नाही. सकाळी लिफ्टच्या खुर्चीत बसून ती एकटी वर गेली. ऊन लख्ख होतं. खाली चर्चच्या अंगणात माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, त्यांच्या हातातल्या निळ्या फिती दिसत होत्या. घंटेच्या मनोऱ्याला कर्णा बांधलेला होता. वाहणारा माथ्यावरून वॉकीटॉकीवर "माय निघाली" म्हणणार, ते कर्ण्यातून गावभर ऐकू जाणार आणि मग घंटा वाजणार, अशी पद्धत. खालचा वॉकीटॉकी रोमुलोच्या हातात. वीस वर्षं वरून बोललेला माणूस, आज पहिल्यांदा खालून ऐकणार होता.

देवळीत शिरून ओफेलियानं मायला झगा घातला. मग काढला. मग पुन्हा घातला. चांगली शिवण उसवून पुन्हा घालत बसली. "बये," ती पुटपुटली, "तुला काय, तू लाकडाची आहेस. तुझ्यानं थांबवता आलं तर थांबव." मायच्या चेहऱ्यावर नेहमीचंच हसू होतं.

एलियास आत आला. पाठीवरची पेटी उतरवून त्यानं तिची झडप उघडली.

"झालं का, आई?"

"एक टाका राहिलाय."

"मघापासून एकच टाका राहिलाय."

वॉकीटॉकी खरखरला. "अरे निघालात का?" रोमुलोचा आवाज. "फादरचा पाल्याचा चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा पाणी तापवायला लावलंय त्यांनी. इथं माणसांचे पाय गोठले."

एलियासनं मायला उचललं, पेटीत ठेवलं, दोन्ही बाजूंना लोकरीच्या घड्या कोंबल्या. आईच्या नजरेला नजर मात्र दिली नाही. लेक नजर कधी चुकवतो, हे ओफेलियाला पक्कं ठाऊक होतं.

"तू बघून आलायस," ती म्हणाली. "हो ना?"

तो पेटीची झडप लावायला वळला.

"एलियास!"

"बघून आलोय," तो म्हणाला. "उजाडताना काठावर खड्डा खणला. तळाशी नुसती साखर आहे. फावडं लावलं की वरचा थर आपोआप सरकतोय."

"अरे देवा! आणि तरी जाणार?"

"मग काय करू? खाली जाऊन सांगू, की नळ्या घाबरला?" त्याचा आवाज फाटला. "दोन महिने सगळे त्या पट्ट्यावर जगलेत, आई. एकानं, एकानं तरी म्हटलं का, की बाबा रे, बरं झालं? बाबा तर माझ्या बर्फावर थुंकतात. आज उतरलो की निदान ते तरी थांबेल."

"आणि उतरता उतरता राहिलास तर?"

"बाबा उतरायचेच ना."

"बाबा उतरायचे तेव्हा खाली साखर नव्हती!"

त्यानं पेटीचे पट्टे हातात घेतले. चोवीस वर्षांचा धडधाकट गडी, त्याला ती धरून किती वेळ ठेवणार? तिला एवढंच दिसत होतं, की हा दाराबाहेर जाईल, काठावर उभा राहील, दोन शब्द बोलेल, आणि नंतर फळीवर ठेवायला आपल्याकडे शिट्टीसुद्धा नसेल. तिची अक्कल गेली होती म्हणा किंवा तेव्हाच आली होती म्हणा. तिनं त्याच्या हातातली पेटी हिसकावली, स्वतःच्या पाठीवर चढवली, त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी ओढून घेतला आणि बाहेर पळत सुटली.

लिफ्टजवळ थांबलेली माणसं बघतच राहिली. ओफेलिया पन्नाशीची बाई, पायात बूट, घसरपट्ट्या नाहीत, पाठीवर देवी. फेर्मिननं दोर आधीच सोडून ठेवला होता. नरसाळ्याच्या तोंडाशी खडक संपतो तिथं ती थांबली आणि बटण दाबलं.

"रोमुलो."

"कोण? ओफेलिया? एलियास कुठाय?"

"एलियास नाही. मी आणते मायला. नरसाळ्यातून."

कर्ण्यातून आलेलं तिचंच बोलणं खालून वर आलं. अंगणातली गडबड एकदम थांबली.

"वेड लागलं का तुला?" रोमुलो ओरडला. "तुला उभं राहता येत नाही बर्फावर. मरशील!"

"का? मायला दोर नसतो ना? मायच्या वाटेत काही होत नाही ना? तुझ्या लेकाला जे चालतं ते मला का चालू नये? बोल की, म्हाताऱ्या. सगळं गाव ऐकतंय. म्हण, उतर ओफेलिया. तू म्हणालास की उतरले."

तिनं बटण सोडलं आणि वाट बघितली. खरखर. फक्त खरखर. तिच्या डोळ्यांसमोर तो नेमका उभा राहिला, ओठ हलताहेत आणि शब्द येत नाहीये. तिला वाटलं जिंकले. आता तो नको म्हणेल, एवढंच हवंय. त्याला जरा घाई व्हावी म्हणून तिनं एक पाय खडकावरून उचलून बर्फावर ठेवला. एकच पाय. तेवढीच चूक.

धप्प.

आवाज पायाखालून आला आणि डोंगरात लांबवर पसरत गेला. अख्खं नरसाळं बोटभर खाली बसलं. ते तिला पायात कळलं, दातांत कळलं. एवढ्या मोठ्या पांढऱ्या उतारानं श्वास सोडला आणि पुन्हा गप्प झाला.

"आई." एलियास मागे खडकावर आला होता. एकदम हळू बोलत होता. "हलू नकोस. पेटी उतरव. हळूच. एकेक पट्टा."

हातातल्या वॉकीटॉकीसकट तिनं एक पट्टा सोडला, दुसरा सोडला. वजन पाठीवरून निघालं. एलियासनं तिच्या कोटाची मागची बाजू पकडली आणि तिला ओढलं. ती खडकावर आपटली आणि पेटी तिच्या खांद्यावरून निसटून उतारावर गेली. फार नाही, तीन-चार हात. मऊ बर्फात रुतून उभी राहिली. झडप उघडली होती, आतून मायचा चेहरा दिसत होता.

एलियास पुढे झाला.

विचार करून झाला नाही. पेटी वाहणाऱ्याचा हात पेटीकडे जातोच, बापाचा गेला असता, आजाचा गेला असता. त्याचा एक पाय खडक सोडून उतारावर पडला. ओफेलियानं पडल्या पडल्या दोन्ही हातांनी त्याचा दुसरा पाय कवटाळला.

"सोड तिला!"

"आई, माय आहे ती! हाताला येतेय!"

"येऊ दे नाहीतर जाऊ दे! मरू दे तिला! ऐकतोस का, मरू दे तिला, तू मागे ये! एलियास, माझ्या राजा, मागे ये!"

तो मागे पडला, तिच्या अंगावर. त्याच वेळी त्यांच्या पायांपासून हातभरावर बर्फात एक निळसर रेघ उमटली. ती रेघ आडवी पळत गेली, या काठापासून त्या काठापर्यंत. मग रेघेच्या खालचं सगळं निघालं. आधी मोठमोठ्या लाद्या होत्या, मग लाद्या फुटून धूर झाला, आणि आवाज असा की कानच बंद झाले. पेटी क्षणभर वर दिसली आणि नाहीशी झाली. ओफेलियानं लेकाचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि डोळे मिटले. हे संपेल असं तिला वाटेना.

संपलं. पांढरी भुकटी हवेत तरंगत राहिली. नरसाळ्याच्या तळाशी आता काळे खडक उघडे पडले होते आणि खाली, अगदी पायथ्याशी, लिफ्टच्या खांबाजवळ, सगळा ढिगारा यंत्राच्या पट्ट्यावर जाऊन थांबला होता. अंगण त्याच्यापासून लांब होतं. माणसं पळताना दिसत होती.

"आई, बोट काढ," एलियास म्हणाला.

तिला कळेना. त्यानं तिची मूठ उघडली. वॉकीटॉकीचं बटण तिच्या अंगठ्याखाली दाबलेलं होतं. पट्टा सोडताना दाबलं ते तसंच राहिलं होतं. सगळं गावानं ऐकलं होतं, एकूण एक शब्द, आणि तिनं बटण धरल्यामुळे खालून कुणाला वर काही बोलता आलं नव्हतं.

बटण सुटलं आणि रोमुलोचा आवाज आला. तो किती वेळ बोलत होता कोण जाणे.

"...कुणीतरी बोला रे. ओफेलिया. पोरा. कुणीतरी बोला."

"आहोत," ती म्हणाली. "दोघंही आहोत."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. त्या माणसाला बत्तीस वर्षांत तिनं रडताना ऐकलं नव्हतं, आणि आता ते अंगणातलं सगळं गाव ऐकत होतं.

"पट्ट्यावरून या," तो म्हणाला. "चालत या, रांगत या, कसेही या. एलियासच्या पट्ट्यावरून या."

ते चालत उतरले, एकमेकांचा हात धरून. यंत्राचं बर्फ बुटांखाली दगडासारखं घट्ट लागत होतं. त्या दिवशी घंटा वाजली नाही.

आता गाव म्हणजे गाव. पहिले दोन दिवस बायका येऊन तिला मिठ्या मारून गेल्या. तिसऱ्या दिवशी झऱ्याला तोंड फुटावं तशा कुजबुजी सुटल्या. मायला मरू दे म्हणाली. सजवणारीच म्हणाली. अगं, मी माझ्या कानांनी ऐकलं, असं सगळ्याच म्हणत होत्या, आणि सगळ्या खरंच बोलत होत्या. रविवारी फादर घरी आले. त्यांनी दोनदा पाल्याचा चहा, माते, घेतला, हवेबद्दल बोलले, आणि मग चाचरत म्हणाले, "किल्ली थोडे दिवस माझ्याकडे असू दे, ओफेलिया. लोकांची मनं शांत होईपर्यंत."

तिनं किल्ली गळ्यातून काढून दिली. "मी म्हणाले ते खरंय, फादर," ती म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. पण त्यानंतर मला झोप नाही, हेही खरंय."

खरंच नव्हती. डोळा लागला की धप्प व्हायचं आणि ती उठून लेकाच्या खोलीच्या दाराशी जाऊन त्याचा श्वास ऐकायची. छपरावरून बर्फाचा गोळा पडला तरी तिच्या हातातलं भांडं सुटायचं. एलियास तोफांवर जायचा तेव्हा ती दारात उभी राहायची, तो दिसेनासा होईपर्यंत. रोमुलो बघायचा. त्याच्या तोंडचा नळ्या हा शब्द गेला तो गेलाच. दुकानात कुणीतरी तो विनोद केला, तर त्यानं हातातला पाना इतक्या जोरात आपटला की विनोद करणारा पैसे न देता निघून गेला.

ऑक्टोबरात बर्फ उतरायला लागलं. आधी पेटीच्या फळ्या मिळाल्या. नोव्हेंबरात नरसाळ्याखालच्या दगडांत माय मिळाली, उताणी, झगा फाटलेला, चेहऱ्यावर नुसता ओरखडा. गाव लगेच बदललं. चमत्कार, चमत्कार! माय स्वतःच उतरली, आभाळाच्या बर्फावरून, रीत मोडली नाही, माणूसही घेतला नाही. ज्या जिभांनी ओफेलियाला सोललं होतं त्याच आता तिला भाग्यवान म्हणायला लागल्या. घंटा वाजली, मायला मिरवत चर्चमध्ये नेलं.

ओफेलिया गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि तिनं बघितलं. मायचा हात तसाच वाकलेला होता, पण कडेवर काही नव्हतं. लेकरू नव्हतं.

"सुतार नवीन करून देईल," फादर म्हणाले. "एवढंसं तर आहे."

"दुसऱ्याचं चालतं का?" ती म्हणाली, आणि लोक तिच्याकडे बघायला लागले म्हणून बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून ती ढिगाऱ्याखालच्या दगडांत शोधायला लागली. एलियासही यायचा. ती दगड उलटे करायची, चिखल बोटांनी चाळायची, आणि मनात एकच घोळत राहायचं. आपण आपलं घट्ट धरलं आणि तिला म्हणालो मर, आणि तिचं तिच्या हातून सुटलं. लाकडाची आहे, माहीत होतं तिला. तरी हुंदका यायचा आणि पोरानं बघू नये म्हणून ती पाठ फिरवायची.

डिसेंबर आला. डोंगर हिरवा झाला, आभाळाचं बर्फ केव्हाच वाहून गेलं. लिफ्टच्या खांबाखाली, सावलीत, तेवढा एक काळपट तुकडा टिकून होता, यंत्राच्या पट्ट्याचा, दगडासारखा घट्ट, वितळायचं नाव घेत नव्हता. एका दुपारी ओफेलिया दगडांतून घरी आली तर रोमुलो घरी नव्हता. दुकानही बंद. ती दारात उभी राहून वाट बघायला लागली.

तो आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. लंगडत, काठी टेकत. विजारीचे दोन्ही गुडघे भिजून चिखलानं माखले होते. ज्या माणसाला खुर्चीतून उठताना आई आठवायची तो दुपारभर गुडघ्यांवर रांगला होता. हातात टोपी होती, दोन्ही हातांनी धरलेली, कडेवर घ्यावी तशी.

"तुम्ही दगडांत शोधत होता," तो म्हणाला. "तिथं नव्हतं."

त्यानं टोपी तिच्यापुढे धरली. आत लेकरू होतं. ओलं, रंग जरा गेलेला, पण हात, पाय, बोटं, सगळं जागच्या जागी.

"पोराच्या बर्फात होतं," रोमुलो म्हणाला. "त्यानं धरून ठेवलं होतं. सुरीनं खरवडून काढावं लागलं, सोडत नव्हतं."

एलियास दारात उभा होता. त्यानं ऐकलं. तो आत आला आणि बापाला खुर्चीवर बसवून त्याचे बूट काढायला लागला.

ओफेलिया तशीच चर्चकडे गेली. फादरनी दिवा लावला आणि बाजूला झाले. लेकरू तिनं पदराला पुसलं, अंगावरच्या शालीच्या पदराला, आणि मायच्या कडेवर बसवायला गेली, तर दोनदा निसटता निसटता राहिलं. तिसऱ्यांदा बसलं. तिनं लगेच हात काढला नाही. पडेल अशी भीती वाटत होती तिला, अजून.

"घे गं बाई," ती म्हणाली. "माझं मला तेव्हाच मिळालं. तुझं द्यायला उशीर झाला."